रविवारी कुलूप, सोमवारी पाऊस

मागच्या महिन्यात परभणीच्या एका महाविद्यालयात पत्रकारिता शिकणाऱ्या पोरापोरींसमोर मला बोलायला बोलावलं होतं. दारावरच्या फलकावर माझं नाव, आणि त्याखाली माझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत 'डेटा जर्नलिझम : एक ओळख'. माझी नात श्रावणी त्याच वर्गात शिकते, मला बोलवायचं खूळही तिचंच. तिला मी विचारलं, "अगं, ही ओळख कोणाची? माझी का त्या डेटाची?"

ती म्हणाली, "आजी, तू आयुष्यभर तेच केलंयस. तेव्हा त्याला नाव नव्हतं, एवढंच."

नाव होतं की. एका जिल्हा दैनिकात मी सव्वीस वर्षं नोकरी केली आणि तिथे मला 'आकडेबाई' म्हणत. बाकीच्या वार्ताहरांच्या वाट्याला खून, मोर्चे, मंत्री. माझ्या वाट्याला तूर-मुगाचे भाव, पावसाचे मिलिमीटर आणि येलदरी धरणाची पाणीपातळी. आतल्या पानावर डाव्या कोपऱ्यात बोटभर रुंदीचा माझा रकाना असायचा. त्याच्या शेजारी राशिभविष्य. लोक आधी भविष्य वाचत, मग पाऊस. दोन्हींवर विश्वास सारखाच.

तर त्या वर्गात गेले आणि म्हटलं, भाषण नंतर, आधी या खोलीत माणसं किती आहेत ते मोजून कागदावर लिहा. चाळीसेक कागद आले आणि त्यात पाच वेगवेगळे आकडे. कोणी मला धरलं होतं, कोणी नव्हतं. कोणी सरांना सोडलं, कोणी स्वतःलाच सोडलं. चहा घेऊन दारात उभ्या असलेल्या बाईंना फक्त एका पोरीनं धरलं. मी म्हटलं, मोजायच्या आधी काय मोजायचं ते ठरवा, आणि कोण सुटलं ते बघा. माझी विद्या एवढीच. आता चहा घेऊ.

पण पोरं सोडतात होय? एकानं विचारलं, "मॅडम, तुमची सगळ्यात मोठी चूक कोणती?"

चुकांचं माझ्याकडे दुकानच आहे. पहिल्याच वर्षी येलदरीची पातळी मी फुटांत ऐकली आणि मीटरच्या खाली छापली. माझ्या पेपरापुरतं त्या दिवशी येलदरीचं पाणी जिंतूरच्या घरांवरून वाहत होतं. सकाळी धरणावर मासे धरणाऱ्या एका चाचांचा फोन आला, "बेटा, मैं धरण पे खडा हूं, पाणी मेरे घुटने तक बी नै. तुम किधर से देखरे?" तेव्हापासून आकड्याशेजारी फूट की मीटर हे लिहिल्याशिवाय मी पेन खाली ठेवलं नाही. पण त्या चुकीनं कोणाचं काही बिघडलं नव्हतं. ज्या चुकीनं बिघडलं, ती मी त्या दिवशी वर्गात अर्धीच सांगितली. बसची वेळ झाली होती, हे खरं. अख्खी सांगायची लाज वाटली, हेही खरं. उरलेली इथे लिहिते.

गावाचं खरं नाव सांगत नाही. आपण त्याला माळगाव म्हणू. माळगावात एक रोपवाटिका होती आणि तिच्या आवारात पर्जन्यमापक. पाऊस मोजायचं यंत्र म्हटलं की लोकांना काहीतरी थोर वाटतं. असतं काय, तर एक नरसाळं आणि त्याखाली बाटली. सकाळी साडेआठला बाटलीतलं पाणी खुणा केलेल्या काचेच्या पेल्यात ओतायचं, पेला डोळ्यांसमोर धरायचा आणि आकडा वहीत लिहायचा. तो आकडा फोननं तालुक्याला जायचा. मी तालुक्याला फोन लावायची, तिथला कारकून गावागावांचे आकडे वाचायचा आणि मी उतरून घ्यायची. पावसाळ्यात रविवारीसुद्धा.

आता तेव्हाच्या मला जरा डोळ्यांसमोर आणा. तिशी नुकतीच ओलांडलेली, खांद्याला कापडी पिशवी, डोळ्यांवर गरज नसताना चष्मा. नंबर नव्हता, पण विद्वान दिसायचं होतं. चालायची अशी, की परभणीच्या स्टेशन रोडवरच्या रिक्षावाल्यांनीच बाजूला व्हावं. मला मोठी बातमी हवी होती, पहिल्या पानावर, स्वतःच्या नावानं. मूग-तुरीला मी विटले होते.

अशात माळगावच्या शेजारच्या गावातून एका शेतकऱ्याचं पत्र आलं. अक्षर तिरकं, मजकूर त्याहून तिरका. 'आमचा आणि माळगावचा बांध एक. पेपरात माळगावला अतिवृष्टी आणि आमच्याकडं नुसती भुरभुर. ढग काय बांध बघून पडायलाय का?'

मी वर्षाचे रकाने काढले, जमिनीवर पसरले आणि पेन्सिल घेऊन बसले. दुपारपर्यंत मला जे दिसलं त्यानं मी जागच्या जागी दोनदा उठबस केली. माळगावात रविवारी पाऊसच पडत नव्हता. एकाही रविवारी नाही. आणि सोमवारी मात्र बदाबदा. आजूबाजूच्या गावांत रविवारीही पडायचा, सोमवारीही. माळगावचा ढग तेवढा आठवड्याची सुट्टी घ्यायचा.

आकड्यांकडे बघून असं काही हाती लागतं, तेव्हा जो आनंद होतो तो मी तुम्हाला सांगू शकत नाही, पोरांनो. आणि माणूस मूर्खपणा करतो तोही नेमका त्याच तासाभरात.

माळगाव परभणीहून बसनं तासाभराच्या वाटेवर. मी गेले नाही. जायची गरज काय? आकडे बोलत होते ना. बसल्या जागी लिहून टाकलं, 'माळगावचा पाऊस सोमवारीच जागा होतो'. आत लिहिलं, की पाऊस मोजणारा कर्मचारी रविवारी ताणून देतो आणि सोमवारी मनाला येईल ते ठोकतो. कर्मचारी बाई आहे का बाप्या, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. आमच्या संपादकांना सगळे तात्या म्हणत. तात्यांनी वाचलं, मिशीत हसले आणि पहिल्या पानावर घेतलं. माझ्या नावानं. त्या दिवशी मी चष्मा तीनदा पुसला.

आठवडाभरानं कार्यालयात एक बाई आली. माझ्याच वयाची असेल. हिरवी सुती साडी, पायांना चिखल, हातात घडी घालून मऊ पडलेला आमचा पेपर. दारातच म्हणाली, "जयभीम बाई."

"जयभीम. बसा ना."

"बसत न्हाई. मी सोनाबाई. माळगावची. पाऊस मोजती ती मीच."

तिनं पदरातून एक कागद काढून टेबलावर ठेवला. कारणे दाखवा नोटीस. कामात कसूर केल्याबद्दल रोजंदारीवरून कमी का करू नये, दहा दिवसांत खुलासा द्यावा.

"माजं नाव कायमच्या यादीत लागायलं होतं," ती म्हणाली. "नऊ वर्सं झाली रोपांना पाणी घालायलेय. आता हे."

मी माझं तुणतुणं वाजवलं, "पण रविवारचा आकडा शून्य कसा येतो? दर रविवारी?"

ती म्हणाली, "शून्य? म्या कदी शून्य लिवलं?"

"मग काय लिहिता?"

"कुलूप."

रविवारी रोपवाटिकेच्या फाटकाला कुलूप असायचं. साहेब शनिवारी संध्याकाळी चावी खिशात घालून परभणीला घरी जायचे, ते सोमवारी सकाळी उगवायचे. सोनाबाई मात्र रविवारीसुद्धा साडेआठला फाटकापर्यंत जायची. तारेच्या कुंपणापलीकडे ते नरसाळं तिला दिसायचं. हात पोचायचा नाही. मग ती गावातल्या फोनच्या दुकानात जायची आणि तालुक्याला कळवायची, आज कुलूप हाय. सोमवारी दोन दिवसांचं पाणी एकदम मोजायची आणि आकड्यापुढं वहीत, शेऱ्याच्या रकान्यात, लिहायची : दोन दिवसांचं.

म्हणजे समजा, रविवारी थोडा पडला, सोमवारी थोडा पडला. दोन्ही मिळून सोमवारच्या नावावर चढला की होते अतिवृष्टी. ढगानं बांध बघितलाच नव्हता.

मी आणखी एक शहाणपणाचा प्रश्न विचारला. लिहिताना आज हात आखडतोय, पण लिहिते. म्हटलं, "कुंपण तर कमरेएवढंच असतं. ओलांडून जायचं."

"आन् रोपं चोरली म्हणतेल, मंग? तुमी वलांडलं तर बाई आल्या म्हणतेल. आमच्यावर आळ यायला येळ लागत न्हाई, बाई. तुमाला म्या सांगावं का हे?"

मला सांगायला नको होतं, खरंच. माझे वडील खेड्यात शिक्षक होते. शाळेच्या कपाटातलं काही हरवलं की पहिली नजर कोणाकडे वळायची, ते मी लहानपणी बघितलं होतं. चष्मा लावल्यावर विसरले होते.

जाताना ती म्हणाली, "तुमचं नाव बघून आमी पेपर लावला होता. आपल्यातली बाई लिवती म्हणून. माजा नवरा रोज मोठ्यानं वाचून दाखवायचा. तेवढी बातमी त्यानं वाचली न्हाई. म्या विचारलं, आज काय हाय पेपरात? तर म्हणला, काय न्हाई." पेपर तिनं टेबलावरच ठेवला आणि ती गेली.

आता प्रश्न असा, की कुलूप गेलं कुठं? मी तालुक्याच्या कारकुनाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, मी तर तुम्हाला दर रविवारी सांगायचो. माळगाव कुलूप. तुम्हीच एकदा म्हणालात, काका, नुसता आकडा सांगा, गोष्टी नका सांगू."

फोन ठेवला आणि घरी जाऊन पलंगाखालची ट्रंक ओढली. फोनवर उतरून घेतलेल्या माझ्या वह्या तिच्यात होत्या. पहिल्या पावसाळ्याच्या वहीत, माझ्याच अक्षरात, माळगावपुढं दर रविवारी 'कु.' आणि दर सोमवारी 'दो. दि.' लिहिलेलं होतं. मग पुढच्या वहीत, पावसाळ्याच्या पहिल्याच रविवारपासून, 'कु.'च्या जागी शून्य. सोमवारी नुसता आकडा. तो रविवारही आठवला. आमच्याकडे पानं लावायचे ते रफीकभाई. ते म्हणाले होते, "आपा, जगा नै है. ये कु-कु, दो-दो क्या लगाया? निकालो इसकू." मी काढलं. रकाना स्वच्छ दिसायला लागला. मला आवडला होता तो.

म्हणजे सोनाबाईनं लिहिलेलं खरं मी पुसलं, आणि पुसल्यावर जे उरलं ते बघून तिलाच खोटं ठरवलं. आणि ते पहिल्या पानावर.

तिची वही दाखवली असती तर मिटलं असतं. पण वही साहेबांच्या कपाटात, आणि साहेब म्हणाले कपाटाची चावी हरवली. चावीच्या बाबतीत तो माणूस सातत्याचा होता. तालुक्याच्या छापील तक्त्यात शेऱ्याचा रकानाच नव्हता. जिल्हाभरात सोनाबाईच्या बाजूनं बोलणारा एकच कागद उरला होता, आणि तो माझ्या ट्रंकेत होता. तो दाखवायचा म्हणजे माझ्या मूर्खपणाची सही दाखवायची.

खोटं कशाला बोलू, एक अख्खा दिवस मी ती वही ट्रंकेतच राहू दिली. मनाशी म्हणत होते, नोटिशीला उत्तर देईल ती, गावातले चार लोक सांगतील. दुसऱ्या दिवशी टेबलावर तो मऊ पडलेला पेपर तसाच होता. झाडणाऱ्या बाईंनी घडी नीट करून ठेवला होता. मग उठले.

परभणीतल्या ज्या कार्यालयात खुलासा व्हायचा होता तिथे सोनाबाई आधीच येऊन बाकावर बसली होती. मला बघून तिनं मान फिरवली. मी दोन्ही वह्या साहेबांसमोर ठेवल्या. हे मोठे साहेब, चावीवाले नव्हेत. त्यांनी पानं उलटली.

"हे 'कु.' म्हणजे?"

"कुलूप."

"आणि इथून पुढं शून्य का?"

"तिथून मी हुशार झाले, साहेब."

ते हसले नाहीत. सोनाबाई हसली. तोंडाला पदर लावून, पण हसली. तो आवाज मला आजही ऐकू येतो, आणि त्या दिवसाची सगळी कमाई तेवढीच समजते.

नोटीस मागे घेतली गेली. फाटकाची दुसरी चावी करून सोनाबाईच्या हातात दिली, आणि पुढच्याच आठवड्यापासून माळगावात रविवारी पाऊस पडायला लागला. शेजारच्या गावच्या त्या शेतकऱ्याचं पोस्टकार्ड आलं, 'ढगाला समजावून सांगितल्याबद्दल आभारी आहे.'

राहिला होता माझा खुलासा. तात्या म्हणाले, "दुरुस्ती पान पाचवर टाकू. खाली. दोन ओळी."

मी म्हटलं, "तात्या, बातमी कुठं होती?"

"अगं, पहिल्या पानावर माफी मागणारा पेपर कोण घेईल?"

"माळगावात एक घर घेत होतं. ते बंद झालंय."

तात्यांनी पानाचा नमुना पुढं ओढला. मग म्हणाले, "लिही. पण रडू नको त्यात." मी रडले नाही. 'चूक आमच्या रकान्याची होती, पाऊस मोजणाऱ्या सोनाबाईंची नव्हती' असं सरळ लिहिलं. त्याच जागी, तेवढ्याच अक्षरांत छापलं. पेपर कोणी बंद केला नाही. उलट माणसं पावसाच्या रकान्यातल्या चुका शोधून मला पाठवायला लागली. त्यातल्या निम्म्या खऱ्या निघाल्या. तात्या आता नाहीत. त्यांचे माझ्यावर उपकार किती, ते मोजायला माझ्याकडे पेला नाही.

रफीकभाईंकडे गेले तर त्यांनी न विचारताच पान उघडून ठेवलं होतं. "आपा, जगा निकाली. देखो." माझ्या रकान्याच्या पायाशी शेऱ्यासाठी दोन ओळी निघाल्या होत्या. कुठून निघाल्या ते दुसऱ्या दिवशी कळलं. त्यांनी मीन राशीचं भविष्य कापलं होतं. मीनवाल्यांचे फोन आले. मी सांगितलं, तुमचं भविष्य आता माळगावच्या कुलपात आहे.

आणि मग मी माळगावला गेले. जे सगळ्यात आधी करायचं, ते सगळ्यात शेवटी. सकाळच्या बसनं. सोनाबाईनं मला बाटली काढून दिली आणि म्हणाली, ओता, बघा. मी उभ्या उभ्या वरून बघून आकडा सांगितला.

"चुकला," ती म्हणाली. "वरून बघितलं की दुसरंच दिसतंय. खाली बसा. डोळ्यांच्या सरळीत धरा."

मी चिखलात उकिडवी बसले. चष्म्यावर थेंब पडत होते, काही दिसेना, म्हणून तो काढून पिशवीत टाकला. पिशवीतच राहिला तो. पेल्यातलं पाणी डोळ्यांसमोर आलं आणि आकडा बदलला. सोनाबाई म्हणाली, "आता बराबर. लिवा."

पुढं मी बरंच काही केलं. पेडगावच्या शाळेतल्या हजेरीपासून रुग्णालयातल्या नोंदींपर्यंत खूप तक्ते चाळले, आणि चार बातम्या अशा झाल्या की ज्यांचा कोणाला तरी उपयोग झाला. पण प्रत्येक वेळी तक्ता हाती आला की आधी विचारलं, हे कोणी लिहिलं? सकाळी किती वाजता? त्याच्या हाताला काय लागत होतं, काय लागत नव्हतं? आणि या शून्यांमध्ये कुलपं किती आहेत?

श्रावणी संगणकावर पाच मिनिटांत आलेख काढते. मला अजून पेन्सिल लागते. मागे तिनं एक मोठा तक्ता दाखवला, म्हणाली, "आजी, बघ, किती क्लीन डेटा आहे." मी म्हटलं, "माझाही रकाना असाच स्वच्छ होता, बाळ." मग ती जिथून तक्ता आणला त्या कार्यालयात गेली आणि दोन दिवसांनी तोंड वेडंवाकडं करून परत आली. निम्मी शून्यं कुलपं होती.

सोनाबाई पुढं कायम झाली, निवृत्त झाली. आता माळगावात यंत्र आपोआप मोजतं, त्याला चावी लागत नाही. पण मला फोन तिचा येतो, रोज, सकाळी साडेआठला. पाऊस असो नसो. नवरा गेल्यापासून तर एकही दिवस चुकलेला नाही. पोरांची चौकशी, गुडघ्यांची चौकशी, आज भाजी काय. परवा रविवारी मी लग्नाला गेले होते, फोन घरी राहिला. सोमवारी साडेआठला घंटी वाजली.

"काल काय झालं होतं?" तिनं विचारलं.

"कुलूप होतं गं."

"मंग आज दम धरून बसा, ताई," ती म्हणाली. "दोन दिवसांचं हाय."